भुकेनंतरची श्रद्धा

(पंडिता रमाबाईंच्या स्मृतिदिनानिमित्त कुवेंपुनगर, मैसूर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देऊळ, चर्च, मशीद मागे टाकून मोकळ्यावर या, असे सांगणाऱ्या कवी कुवेंपूंच्या नावाची ही वसाहत. त्यांच्या पंचमंत्रांचे नाव इथल्या रस्त्याला आहे. अशा ठिकाणी ख्रिस्ती श्रद्धेवर बोलायला उभे राहणे हे जरा धाडसाचेच काम. पण कुवेंपू स्वतः याच शहरात वेस्लियन मिशनच्या शाळेत शिकले, त्यामुळे ते फार रागावणार नाहीत, असे धरून चालतो. शिवाय ज्या बाईंविषयी मी बोलणार आहे, त्याही देवळातून बाहेर पडल्या होत्या. पुढे चर्चमध्ये गेल्या, आणि चर्चमध्येही कुणी भिंत घालू लागले की त्यांनी ती मानली नाही.

पंडिता रमाबाई म्हटले की आपल्याला पुणे आठवते, केडगाव आठवते. त्यांचा जन्म मात्र कर्नाटकातला. चिक्कमगळूर जिल्ह्यात, कुद्रेमुखच्या डोंगररांगांत गंगामूळ नावाची जागा आहे. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती यांचा उगम तिथला. एप्रिल 1858 मध्ये रमाबाई तिथे जन्मल्या. तीच तुंगा पुढे शृंगेरीवरून तीर्थहळ्ळीला जाते आणि तीर्थहळ्ळीजवळच्या कुप्पळीत कुवेंपूंचे बालपण गेले. आणखी एक दुवा आहे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी मैसूरच्या दरबारी आश्रयाला होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तेव्हा पुण्याची म्हणून जी बाई आपण ओळखतो, तिचे आजोळ नसले तरी पाळणाघर तुमच्याच राज्यात होते.

आता विषयाकडे येतो. रोजच्या आयुष्यातले मोह, रोजच्या अडचणी आणि त्यांत ख्रिस्तावरचा विश्वास, असा विषय आयोजकांनी सुचवला. यावर उपदेश करणे सोपे असते आणि ते काम पाळकसाहेब दर रविवारी माझ्यापेक्षा चांगले करतात. मला एका माणसाच्या आयुष्यातून हा विषय पाहायचा आहे. रमाबाई निवडल्या त्या एवढ्यासाठी की श्रद्धा आधी हरवली कशी आणि मग सापडली कशी, हे दोन्ही त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांची ‘साक्ष’ छोटी आहे. एका संध्याकाळी वाचून होते, मात्र वाचल्यावर झोप लागेलच असे नाही.

अनंतशास्त्री हे विलक्षण गृहस्थ होते. पुण्यात पेशव्यांच्या वाड्यात एक बाई संस्कृत शिकते हे त्यांनी पाहिले आणि आपल्या बायकोला शिकवायचे मनात धरले. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी दुसरे लग्न केले आणि त्यांना संस्कृत शिकवायला सुरुवात केली. गावाला ते रुचले नाही. उडुपीच्या धर्मसभेपुढे शास्त्राधार देऊन त्यांनी आपली बाजू मांडली आणि मग शांतपणे शिकवता यावे म्हणून गंगामूळच्या रानात घर केले. तिथेही यात्रेकरूंची रीघ लागली. आल्या-गेल्याला जेवू घालता घालता घर कर्जात बुडाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने रान सोडले. वेताच्या टोपलीत तान्ही मुलगी, ती टोपली गड्याच्या डोक्यावर, असा प्रवास सुरू झाला तो पुढे सोळा-सतरा वर्षे थांबला नाही. देवळात बसून पुराण सांगायचे, लोक देतील ते घ्यायचे, त्यातले बरेचसे दानधर्मात घालायचे आणि पुढच्या क्षेत्राला जायचे.

मग 1874 च्या सुमाराचा मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. अनंतशास्त्री म्हातारे झाले होते, दृष्टी गेली होती. भीक मागणे त्यांना माहीत नव्हते, मजुरी येत नव्हती. या कुटुंबाने त्या वेळी जे केले ते रमाबाईंनी अगदी कोरडेपणाने सांगितले आहे. होते नव्हते ते दागिने, चांगली वस्त्रे, भांडी विकली आणि आलेला पैसा ब्राह्मणांना दान दिला. तीर्थात स्नाने केली, प्रदक्षिणा घातल्या, जप केले. देव प्रसन्न झाला की संपत्ती येईल, असे शास्त्रात लिहिले होते आणि सांगणाऱ्यांनीही तसेच सांगितले होते. धान्य विकत घेण्याजोगा पैसा होता तेव्हा तो देवाला दिला आणि मग देवाकडून धान्याची वाट पाहिली.

धान्य आले नाही. तिरुपतीजवळच्या रानात हे कुटुंब मरायलाच गेले. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर, एवढ्यावर काढले. शेवटी वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले आणि एकेकाचा निरोप घेतला. धाकट्या लेकीला, म्हणजे रमाबाईंना, जवळ घेऊन त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश एवढाच की मी तुला किती जीव लावला ते विसरू नकोस, आणि सरळ वाटेने चाल. तेव्हा मोठा भाऊ श्रीनिवास म्हणाला, आता जातीचा आणि घराण्याचा अभिमान पुरे, मी मजुरी करीन, पण हे करू नका. त्या शब्दावर सगळे रानाबाहेर आले. वडील मात्र थोड्याच दिवसांत गेले, त्यांच्यामागोमाग आई गेली आणि काही महिन्यांत थोरली बहीणही गेली.

उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत राहिली, पार पंजाबपर्यंत. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यात निजले आणि वरून कोरडी वाळू ओढून घेतली. मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाबरोबर खायचे, असेही दिवस गेले. अशा प्रवासात त्यांचा पहिला विश्वास संपला. कुणा मिशनऱ्याने येऊन तो मोडला नव्हता. सांगितलेले सगळे आपण केले, सांगितलेले काहीच घडले नाही, असा साधा हिशेब त्यांनी मांडला. 1878 मध्ये ती दोघे कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा आतून ती देवाशिवाय होती.

हे सगळे मी सविस्तर सांगितले, कारण त्याशिवाय पुढचे कळत नाही. आपण ज्याला श्रद्धा म्हणतो, तिचा बराचसा भाग नवसाचा असतो. मला हे दे, मी तुला ते देईन. यात हिंदू-ख्रिस्ती असा भेद नाही. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला मेणाचे हात, मेणाचे पाय आणि मेणाची घरे वाहतात, तो नवसच. तुकोबांनी साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी नवसाची टर उडवून ठेवली, तरी तो चालूच आहे. रमाबाईंचा नवसावरचा विश्वास भुकेने जळून गेला होता. अशा माणसाने पुन्हा विश्वास ठेवला तर तो निराळ्या जातीचा असावा लागतो. तो कसा होता, हेच मला आज सांगायचे आहे.

श्रीनिवास 1880 मध्ये ढाक्याला वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. सिल्चरच्या घरात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली आणि त्या ती वाचू लागल्या. नवऱ्याला ते आवडले नाही. 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने तो गेला. पदरात मनोरमा, दहा महिन्यांची. वर्षभरात पुणे, आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष आणि 1883 मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंड. शिक्षणात ऐकू न येण्याचा अडथळा आला आणि वैद्यकी राहून गेली. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. त्याच महिन्यात, 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

कशामुळे घेतला, यावर तेव्हापासून आजपर्यंत भरपूर लिहून झाले आहे. त्यांचे स्वतःचे उत्तर फार साधे आहे. फुलहॅमला वाँटेजच्या मठाच्या भगिनी ‘पतित’ म्हटलेल्या बायांसाठी एक घर चालवत. रमाबाई ते पाहायला गेल्या. समाजाने टाकलेल्या बाईला शिक्षा न करता कुणी मायेने सांभाळते, असे त्यांनी पहिल्यांदा पाहिले. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंना ख्रिस्त भेटला तो या दारातून. तत्त्वज्ञान मागून आले आणि त्यावर त्यांनी मनसोक्त भांडणही केले. त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पाहा. चर्च सांगते म्हणून त्रैक्याचा सिद्धांत मानायला त्या तयार नाहीत. मी एका धर्माधिकाऱ्याच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्याचे घालून घेण्यासाठी नव्हे, असा त्या पत्रांचा सूर आहे. खाण्यापिण्यातही तेच. इंग्लंडमध्ये राहून त्यांनी मांसाहार केला नाही, आणि त्यावरून कुणी सुनावले तर तितकेच ठणकावून सुनावले.

इथे एक लक्षात घ्या. ही बाई तेव्हा पूर्णपणे याच लोकांच्या आश्रयावर होती. डोक्यावरचे छप्पर त्यांचे, पोरीचे दूध त्यांचे. अशा वेळी ‘हो’ म्हणून टाकणे हा सगळ्यात मोठा मोह असतो. मोह म्हटला की आपल्याला बाई, बाटली आणि पैसा आठवतो. उपकारकर्त्याला बरे वाटावे म्हणून मनात नसलेले मान्य करणे हाही मोहच, आणि तो रोज होतो. कचेरीत होतो, सासरी होतो, मंडळीच्या कमिटीत तर फारच होतो.

त्यांच्या कथनातला सर्वांत प्रामाणिक भाग पुढे आहे. बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना ही जाणीव झाली. तेव्हा त्या जगप्रसिद्ध झाल्या होत्या. अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर पुस्तक लिहिले होते, बोस्टनला त्यांच्या नावाची मंडळी निघाली होती, 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू होऊन पुढच्या वर्षी ते पुण्यात आले होते. अशा बाईने ‘मला अजून काही सापडले नाही’ असे लिहावे! चर्चमध्ये ‘साक्ष’ देणारे आपण पुष्कळ पाहतो. आपला बाप्तिस्मा अपुरा होता, असे सांगणारे विरळा.

आता 1893. शारदा सदन उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी होते आणि धर्माबाबत तटस्थ राहायचे, असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळावर होती. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत, तेव्हा दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली. सल्लागारांचे म्हणणे असे की मुलींना येऊ देणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे. रमाबाईंचे म्हणणे असे की माझ्याच खोलीचे दार मी कशासाठी लावू? मंडळाने राजीनामा दिला, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. माझ्या मते रानड्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पोरकी, आश्रित मुलगी जिच्या आधारावर आहे तिच्या देवाकडे ओढली जाणारच, आणि ते ओढले जाणे किती मोकळे, हे सांगणे कठीण. पण दाराला कडी घालून लोकाश्रय टिकवणे ही तडजोड रमाबाईंना मानवली नसती. याच शारदा सदनाच्या गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केले, हेही त्याच घराचे फळ. ते लोक विसरतात.

रानातला येशूचा उपास आपल्या सगळ्यांना माहीत आहे. चाळीस दिवसांच्या भुकेनंतर सैतान येतो आणि धोंड्यांच्या भाकरी कर म्हणतो. हा शास्त्रभाग मी वाचतो तेव्हा तिरुपतीचे रान डोळ्यांपुढे येते. अकरा दिवसांच्या भुकेनंतर त्या मुलीला कुणी भाकरीचा मोह घातला असता, तर तिने काय केले असते? आणि वीस वर्षांनी तीच मुलगी हजारो भुकेल्यांना भाकरी देणारी झाली, तेव्हा तिने त्या भाकरीचे काय केले? दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे.

1896 चा प्रसंग त्यांनी स्वतः लिहिला आहे. लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांची उपासना-सभा होती. सदनातल्या पंधरा मुली तोवर ख्रिस्ताकडे आल्या होत्या. रमाबाई आभार मानायला बसल्या आणि त्यांच्या मनात आले की पंधराला पंधराने गुणून मागावे. म्हणजे वर्षभरात दोनशे पंचवीस मुली. खरे सांगायचे तर हे वाचताना मी दचकतो. नवस भुकेत जळून गेला असे म्हणालो, तो मागच्या दाराने परत आला की काय? त्यातही त्या प्रार्थनेचे उत्तर आले ते मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या रूपाने. मुली आल्या त्या उपाशी आल्या, हाडांचे सापळे होऊन आल्या. अशा उत्तराबद्दल आभार कसे मानायचे?

रमाबाईंनी त्या वेळी काय केले, ते पाहू. बातमी आली तेव्हा त्यांना स्वतःची उपासमार आठवली आणि त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी आश्रयस्थाने पाहिली, मुलींना कोण कसे फसवते ते पाहिले आणि शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे गर्दी करायला बंदी आली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना केडगावला, उघड्या माळावर नेले. ती शंभर एकर जमीन आकाशातून पडली नव्हती. बोस्टनची मदत दहा वर्षांसाठी होती आणि ती 1898 मध्ये संपणार, हे ओळखून फळबाग लावायला म्हणून त्यांनी ती आधीच घेऊन ठेवली होती. प्लेगच्या इस्पितळात सदनातल्या एका मुलीची हेळसांड झाली, तेव्हा वर्तमानपत्रात सरकारवर जाहीर टीका करणारी बाईही हीच. सरकार ख्रिस्ती आहे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

म्हणून माझे मत असे बनले आहे. पहिल्या दुष्काळात डोंगरे कुटुंबाने हातातला पैसा देवाला दिला आणि धान्याची वाट पाहिली. वीस वर्षांनी रमाबाईंनी देवाकडे मुली मागितल्या आणि त्यांच्यासाठी विहिरी खणल्या, धान्याच्या कोठ्या भरल्या. दोन्ही वेळा प्रार्थना होती. दुसऱ्या वेळी प्रार्थनेनंतर गाडीचे तिकीट काढले गेले. जॉर्ज म्युलरचे चरित्र त्यांनी वाचले होते. कुणाकडे न मागता हजारो अनाथ मुले सांभाळणारा हा ब्रिस्टलचा माणूस त्यांचा आदर्श होता. पण म्युलरची भक्ती घेताना पुराणिकाच्या लेकीने हिशेबाची वहीही ठेवली. पुढे केडगावच्या या वसाहतीत, म्हणजे मुक्ती सदनात, छापखाना आला, माग आले, तेलघाणा आला, अंध मुलींसाठी बर्तीमी सदन आणि जिला कुठेच थारा नाही अशा बाईसाठी कृपा सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांना दोन वेळा भाकरी म्हणजे किती पीठ, किती सरपण, किती पाणी, याचा हिशेब घर चालवणाऱ्या बायकांनी करून पाहावा. श्रद्धा म्हणजे काय, ते त्या सरपणाच्या हिशेबात जास्त कळते.

दुष्काळी ख्रिस्ती, भाकरीसाठी ख्रिस्ती, हा आरोप मुक्तीवर झाला आणि अजून होतो. तो झटकून टाकणे बरे नाही. भाकरी देणारा हात आणि बाप्तिस्मा देणारा हात एकच असला, की घेणाऱ्याच्या मोकळेपणाबद्दल शंका राहणारच. रमाबाईंना ती शंका किती वाटली, हे त्यांच्या लिखाणात मला दिसत नाही, आणि तो त्यांचा उणेपणा मी मानतो. दुसऱ्या बाजूने, आरोप करणाऱ्यांपैकी किती जण त्या मुलींना आणायला मध्य प्रांतात गेले होते, हेही विचारावेच लागते.

रमाबाईंच्या कथनात हसू फारसे नाही. ते हवे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांकडे जावे. मोह आणि अडचण यांचा संबंध रोजच्या स्वयंपाकघराशी कसा असतो, हे त्यांच्याइतके मराठीत कुणी सांगितलेले नाही. बापाला सोवळ्याचे वेड. मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायचे. नवरा कवी, संतापी, आणि हातात पैसा टिकेल तर शपथ. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला विश्वासात न घेता. पाचेक वर्षे लक्ष्मीबाई दूर राहिल्या, रडल्या, चिडल्या. परत आल्या त्याही सुरुवातीला आपले सोवळे सांभाळून. जात माणसाने केली, देवाने नाही, हे त्यांचे त्यांनाच एके दिवशी उमगले आणि मग त्या एका दमात कुणाच्याही हातचे खाऊ लागल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या श्रद्धेत शास्त्रार्थ नाही. प्लेगात कुणाला सांभाळायचे, घरात आणलेल्या नव्या पोराला काय घालायचे, आणि नवऱ्याने पगार कुणाला तरी देऊन टाकला तर उद्या चूल कशी पेटवायची, अशा प्रश्नांतून त्यांचा विश्वास तयार झाला. मुख्य मोह होता तो कडवटपणाचा. एवढे सोसलेल्या बाईला तो हक्काचा होता. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना तो कुठेच सापडत नाही, उलट पानापानावर खुसखुस आहे. माझ्या दृष्टीने हाच त्या पुस्तकातला चमत्कार.

टिळक स्वतः म्हणत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले सगळे त्यात यावेत, अशी कल्पना. पगार सोडताना घरात काय वातावरण असेल, याची कल्पना मी तुमच्यावर सोडतो. दोन वर्षांनी, 9 मे 1919 रोजी ते वारले. दरबार पुरता भरलाच नाही.

आजच्या काळाबद्दल थोडे बोलतो, कारण व्याख्यानात ते बोलावे लागते. तुमच्या-आमच्या घरात दुष्काळ नाही. कर्जाचे हप्ते आहेत, इस्पितळाचे बिल आहे, मुलाच्या प्रवेशासाठी कुणाच्या तरी हातात ठेवायचे पाकीट आहे, म्हाताऱ्या आईला सांभाळताना रोज सुटणारा तोल आहे. यांत टिकायला माणूस आधार शोधतो आणि त्याला सभांची पत्रके दिसतात. आजार बरा होईल, कर्ज फिटेल, व्हिसा मिळेल, फक्त विश्वास धरा आणि अर्पण द्या. ख्रिस्ती माणूस म्हणून मला याची लाज वाटते. डोंगऱ्यांच्या घरात शेवटचे भांडे विकून दान केले गेले, तोच प्रकार येशूचे नाव लावून परत आला आहे. फरक असलाच तर हा, की पूर्वीचे दान घेणारे निदान मोटारीने येत नसत.

रमाबाईंच्या केडगावलाही उत्साहाची लाट आली होती. 1905 मध्ये मुक्तीत मोठे पुनरुज्जीवन झाले. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, अनोळखी भाषेत बोलत. जगभरच्या ख्रिस्ती मासिकांतून त्याची वर्णने आली. काहींना तेच मुक्तीचे शिखर वाटते. मला वाटत नाही, पण तो वाद आज नको. मला महत्त्वाचे वाटते ते हे की त्या गजबजाटाच्या वर्षांत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या होत्या. खेड्यातल्या अडाणी बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणायचे, असे त्यांनी घेतले होते. एकटीने. खिळे जुळवायला त्यांच्याच मुली होत्या.

24 जुलै 1921 रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची. आईचा उजवा हात होती, शारदा सदन तीच सांभाळत होती, तुमच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढण्यात तिचा पुढाकार होता. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी पार गेलेल्या. बाप, आई, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती लेक. पहिल्या दुष्काळानंतर हिशेब जुळला नाही म्हणून ज्या मुलीने देव सोडला होता, तिच्यापुढे पुन्हा तोच न जुळणारा हिशेब येऊन पडला. या वेळी तिने तो मांडलाच नाही. दुःख नव्हते असे नाही. पण देव आपले काही देणे लागतो, असे आता तिला वाटत नव्हते. ती कामाला बसली आणि भाषांतराची मुद्रिते तपासत राहिली. माझ्या माहितीत यापेक्षा मोठी साक्ष मराठी ख्रिस्ती वाङ्मयात नाही, आणि ती तिने लिहून ठेवलेली नाही.

5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई केडगावला वारल्या. त्यांचे संपूर्ण मराठी बायबल 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. मुक्ती मिशन आजही चालू आहे. केडगाव स्टेशन पुणे-दौंड मार्गावर आहे. तुमच्यापैकी ज्यांचे पुण्याला जाणे-येणे असेल, त्यांनी एक दिवस काढून तिथे जावे आणि जाण्याआधी ती ‘साक्ष’ वाचावी. ख्रिस्ती नसाल तर अवश्य वाचावी आणि ख्रिस्ती असाल तर आधी वाचावी.